माणसं बसवून आवळलेली गाडी

तर आवाज इंजिनातनं न्हाई, मागनं यायचा, मागच्या चाकापाशी. हे आधी लिही मैत्री, नायतर तुझा बाप वाचून म्हणंल, आईला गाडीतलं काय कळतंय. गतिरोधक आला की टणकन वाजायचं, आन् मग पुढच्या खड्ड्यातनं खडखड, खडखड, डब्यात चार सुपाऱ्या टाकून हलवल्यागत. मागं बसल्याल्याच्या मणक्यातनं ते वर चढायचं. पुढं एवढं जाणवायचं न्हाई, म्हणून तुझं आजोबा लई दिवस म्हणत राहिले, गाडीला काय झालं न्हाई, रस्ताच तसला हाय.

तुला आजोबा म्हंजे दाराशी खुर्ची टाकून बसणारा माणूस, एवढंच ठाऊक. मी बघितल्याला कोंडीराम निराळा व्हता. मावळातनं आमी दोघं कासारवाडीत आलो तवा रेल्वेच्या पलीकडं ज्वारी उभी असायची आन् अलीकडं कंपन्यांचे भोंगे. भोंग्यावर गल्ली उठायची, भोंग्यावर जेवायची. पयल्या शिफ्टच्या सायकली निघाल्या की रस्ता दिसायचा न्हाई, नुसती डोकी आन् हॅन्डलला लटकल्याले डबे. ह्यांना भोसरीत वेल्डिंगचं काम लागलं. घरी आले की डोळं लालभडक. मग डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचे, आन् उरल्याल्या बटाट्याची मी भाजी टाकायची. गल्लीत कुणाकडं बटाटा शिजला की बाया हसायच्या, आज कोंडीरामभाऊंचे डोळे आलेत वाटतं. हे रागवायचे न्हाईत. कपडा मातूर कडक इस्त्रीचा लागायचा. कामाला हात घालायच्या आधी शर्ट काढायचा, घडी करायची, कुठंतरी उंचावर ठेवायचा, मगच काम. अजून तसंच करतात.

त्या कंपनीत गाड्यांचे आर्म बनायचे. आर्म म्हंजे काय ते मला ह्यांनीच लाटणं हातात धरून दाखवलं व्हतं. चाक आन् गाडीचं अंग, ह्या दोघांच्या मधी एक लोखंडाचा दांडा असतो, माणसाच्या हातागत. एक टोक गाडीला, एक टोक चाकाकडं. टोकाला रबराचं बुश. चाक खड्ड्यात गेलं की दांडा खाली जातो, वर आलं की वर येतो, आन् मधला धक्का रबर गिळून टाकतं. ते रबर संपलं की धक्का कोण गिळणार, तर मागं बसल्याला माणूस.

कंपनीत वरनं साखळी फिरायची, साखळीला हूक, हुकाला आर्म लटकल्याला. समोर आला की बघायचा, वेल्डिंग राहिलं असंल तिथं भरायचं, फुडं सोडायचा. सगळी नोकरी अशी लटकत्या मालावर गेली. आन् फुडं सोडायचा म्हंजे दत्तोबाकडं सोडायचा. दत्तोबा प्रेसवर, आर्ममधी बुश दाबून बसवायला.

दत्तोबा केजकडचा, बीड जिल्ह्यातला. आमच्याच मागच्या गल्लीत राहायचा. बायको अंबूबाई. तिची आन् माझी ओळख कंपनीच्या फाटकावर डबा द्यायला जायचो तवाची. हे दोघं दिवसभर एकमेकाशेजारी उभे, तरी सुट्टीच्या दिवशी सकाळी दत्तोबा हजर. "कोंड्या, उठलास का, का साखळी बंद हाय आज?" मग च्या. कंपनी चाकणला गेली तवा बस नाशिक फाट्यावरनं सुटायची. जो आधी चढंल त्यानं दुसऱ्याची जागा धरायची, डब्याची पिशवी ठेवून. एकदा त्या पिशवीवर कोण नवीन पोरगा बसला आन् दत्तोबाची आमटी त्याच्या प्यांटीला लागली. कितीतरी वर्सं त्या पोराला सगळे आमटी म्हणत व्हते. पुढं तो सुपरवायझर झाला, तरी पाठीमागं आमटीच.

ही गाडीबी दत्तोबानंच घ्यायला लावली. रिटायर झाल्यावर. जुनीच, पण चांगली. म्हणला, "राव, एवढ्या गाड्यांचे आर्म केले आपण, त्यातली एक तरी आपल्या दारात नको का?" घेतली ह्यांनी, आन् चालवायला शिकवायला परत तोच बसला शेजारी. दोघं एमायडीशीच्या रिकाम्या रस्त्यावर आयतवारी जायचे आन् भांडून परत यायचे. चौदा एप्रिलला गाडीला निळे झेंडे लागायचे, आन् पुढच्या सीटवर पांढरा सदरा घालून दत्तोबा. गणपतीत दत्तोबाच्या घरची मूर्ती ह्याच गाडीतनं यायची, अंबूबाईच्या मांडीवर, आन् हे एवढ्या हळू चालवायचे की मागचे हॉर्न वाजवून थकायचे.

मग दत्तोबाची पाठ गेली. आयुष्यभर प्रेसपुढं उभा राहिला, शेवटी मणक्याचं आपरेशन झालं. आपरेशन बरं झालं म्हणले, पण बसणं हुईना. जरा धक्का लागला की तोंड पांढरं पडायचं. त्याचा सुजित गावी, केजला हार्डवेअरचं दुकान चालवतो. तो म्हणला, आता दोघं तिकडंच या, हितं भाड्याच्या खोलीत जिना चढून काय करताय. अंबूबाईलाबी पटलं. जायचा दिवस ठरला.

दवाखान्यात असतानाच ह्यांनी दत्तोबाला सांगून ठेवल्यालं, तुला गावी तुझ्या दारात मीच सोडणार. तुझा बाप, बुद्धरत्न, तवा हिंजवडीच्या कामावरनं सुटून तिथंच आल्याला, त्यानं ऐकलं. म्हणला, "अण्णा, तुमच्या गाडीच्या मागं मीसुद्धा बसत नाही. काकांना ॲम्ब्युलन्सनं नेऊ, झोपून जातील, त्रास नाही होणार."

ते बरोबरच बोलला गं तो. पण दत्तोबाच म्हणला, "न्हाई बाबा. ॲम्ब्युलन्स गावातल्या गल्लीत शिरली की आमच्या बाया आधी रडायला बसतील, मंग दार उघडून बघतील. मी चालत गेलो होतो तिथून, बसून तरी येऊ द्या. कोंडीरामच्याच गाडीत जायचंय मला."

झालं. आता गाडी अशी करायची की तो मागं बसून गावापातुर जाईल आन् उतरून आपल्या पायानं ओट्यावर चढंल. हे एवढंच डोक्यात. फाट्यावरच्या फिटरला दाखवली. त्यानं चाक हलवून बघितलं, म्हणला, मामा, मागचे आर्म गेलेत, बुश पार फाटलंत, आठ-दहा दिवसांनी आणा. तेवढी सवड कुठं. ह्यांनी चिंचवडच्या स्पेअरच्या दुकानातनं दोन्ही बाजूचे नवे आर्म आणले आन् दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची घडी खिडकीत.

अंगण कसलं, गल्लीच ती. पुढच्या चाकांना दगडं लावली. मागनं जॅक लावून गाडी उचलली आन् स्वतःच्या हातानं वेल्डिंग केल्याल्या लोखंडी घोड्यांवर टेकवली. बुद्धरत्नला सुट्टी व्हती, तो फोनवर व्हिडिओ लावून बसला. बोल्ट गंजून असा बसल्याला की हलंना. डिझेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, परत डिझेल. मग तुझ्या बापानं पान्याला पाइप लावला आन् त्यावर उभा राहिला. समोरची शालनबाई कपडे वाळत घालत व्हती. ती वरनं म्हणली, "बुद्धरत्ना, कंपनीत पण असंच नाचायला लागतं का रं?"

"नाही मावशी, तिथं दुसरे नाचवतात."

तेवढ्यात बोल्ट कट्टकन सुटला आन् हा खाली. शालनबाई हसून हसून बादली इसरली.

जुने आर्म निघाले. रबराच्या चिंध्या. हे किती तरी येळ एक आर्म हातात धरून वेल्डिंगवर अंगठा फिरवत बसले. मी इचारलं, तुमच्या हातचं हाय का? म्हणले, "न्हाई. आपलं यापरीस सरळ असायचं." मग नवे चढवले, जुन्याच्या खुणा खडूनं करून ठेवल्याल्या तिथं बरोबर बसवले आन् तिथंच, चाकं हवेत लटकत असताना, सगळे बोल्ट दम लावून आवळले. गाडी खाली घेतली. झालं म्हणले.

दुसऱ्या दिवशी दत्तोबाला आणला, चाचणीला. त्याला हळूच मागं बसवला, पाठीला उशी, शेजारी अंबूबाई. नाशिक फाट्यापातुर जाऊन परत यायचं. खडखड गेल्याली, खरंच गेल्याली. हे आरशात बघून इचारायचे, "कसं काय?" दत्तोबा म्हणायचा, "झकास." परत इचारलं, परत झकास. घरी आल्यावर हे जेवताना नुसतं हसत व्हते.

सकाळी अंबूबाई माझ्याकडं आली. दारातच उभी. म्हणली, "प्रभाबाई, तुमच्या मालकाला सांगू नका, पण रातभर ह्यांना कूस पालटता आली न्हाई. गाडीत माझा हात धरून बसले होते, हे बघा, वळ उठलाय." आन् मनगट दाखवलं.

सांगू नका म्हणली, पण हे मागं मोरीत तोंड धूत व्हते. ऐकलं त्यांनी. टावेल खांद्यावर टाकला आन् तसेच गेले मागच्या गल्लीत. मी आन् अंबूबाई त्यांच्या मागं.

दत्तोबा खाटेवर पडल्याला. हे दारातनंच म्हणले, "खोटं का बोललास?"

"कशाचं?"

"झकास म्हणलास."

दत्तोबानं बायकोकडं बघितलं. ती भिंतीकडं बघायला लागली. मग म्हणला, "तू दिवसभर उन्हात पडून केलंस रे. काय म्हणू मंग?"

"आन् गावापातुर असाच झकास म्हणत गेला असतास?"

"गेलो असतो की."

हे खाली बसले. अंबूबाईनं च्या टाकला. मग दत्तोबाच म्हणला, "कोंड्या, एक इचारतो, रागवू नको. खडखड गेली, पण करकर यायलीय. आन् गाडी मागनं उचलल्यागत दिसायलीय. तू बोल्ट लटकत असताना आवळलास का?"

"मग कसा आवळायचा?"

"आता काय बोलावं तुला. मला गाड्या जोडणाऱ्या मोठ्या कंपनीत सहा महिने पाठवलं होतं, आठवतंय का, त्यांच्या लाइनवर? तिथं बोल्ट घालून नुसते टेकवत होते. गाडी चाकावर खाली आली, तिचं वजन तिच्यावर पडलं, मंगच शेवटचा आवळ. लटकत आवळलं की रबर तिथंच चिकटून बसतं बघ. मंग गाडी खाली आली की त्याला पीळ पडतो. पिळाटल्यालं रबर धक्का गिळंल का?"

हे त्याच्याकडं बघतच राहिले. खरंच की. ह्यांनी सगळी हयात आर्म बघितला तो हुकाला लटकल्याला. चाकावर उभा राहिल्याला आर्म त्यांनी कामावर कंदी बघितलाच न्हवता. हसायलाच लागले. दत्तोबाबी हसला, पण हसताना पाठ धरली.

"बोल्ट ढिले करतो," हे म्हणले. "वजनावर आवळतो."

"वजन किती धरशील?"

"म्हंजे?"

"रिकाम्या गाडीचं का भरल्याल्या? गावाला जाणार कोण कोण?"

"मी, प्रभा, तू, वहिनी," असं हे मोजायला लागले आन् थांबले. दत्तोबा म्हणला, "मंग तेवढी माणसं बसव आन् आवळ. कंपनीत असं करत न्हाईत, पण कंपनीला माझी पाठ कुठं न्यायचीय."

आयतवारी सगळी गल्ली बघायला. रेल्वेचे दोन जुने लाकडी ओंडके शेजारच्याकडं पडल्याले, ते आणून मागची चाकं त्यावर चढवली, म्हंजे खाली सरकायला जागा झाली. चाकांना मागनं पुढनं दगडं. बोल्ट ढिले केले. बुद्धरत्ननं गाडीचं मागचं अंग चारदा दाबून सोडलं, म्हंजे ती आपल्या जागी बसंल. डिकीत अंबूबाईनं खरंच न्यायचं सामान भरलं, ज्वारीचं पोतं, पितळेची भांडी, देवाची पेटी. मग आमी बसलो. मी पुढं, अंबूबाई मागं. दत्तोबाला बुद्धरत्ननं धरून आणलं, दत्तोबा म्हणला, "हळू बाबा, मीच तर वजन हाय."

सगळं झालं आन् मग ध्यानात आलं, चालवणारा तर गाडीखाली. त्याच्या जागी कोण? हे खालनं म्हणले, "माझ्याएवढं कोण भरंल?" आन् सगळ्यांनी शालनबाईकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघताय? मी काय पोतं हाय का?"

"बसा की मावशी, स्टेअरिंग मिळतंय," बुद्धरत्न म्हणला.

बसली ती. पदर खोचून, दोन्ही हात स्टेअरिंगवर. म्हणली, "भावजी, खालनं काय चिमटा बिमटा काढला तर सांगून ठेवते, मी गाडी घेऊन आळंदीला जाईन."

अशी आमी चौघं त्या उभ्या गाडीत बसून राहिलो. खालनं पान्याचा आवाज, कट्ट, कट्ट. कोण हलायचं न्हाई, अशी सक्त ताकीद. मग काय, तोंडं चालू. अंबूबाईनं फाटकावरच्या डब्यांचं काढलं, कुणाच्या डब्यात काय असायचं ते. शालनबाईनं जुन्या टॉकीजचं काढलं, आता तिथं मॉल झालाय ते. दत्तोबा काचेतनं बाहेर बघत व्हता. गल्लीच्या टोकाला मेट्रोचा खांब दिसतो ना, तिकडं. म्हणला, "तिथं बाभळीखाली सायकली लावत होतो आपण. वहिनी, तुमाला आठवतंय?" मला आठवत व्हतं. त्या बाभळीखाली ह्यांची सायकल चोरीला गेली तवा दत्तोबानं सहा महिने ह्यांना डबल सीट नेलं, चढाला दोघं उतरून ढकलायचे. त्यानं ते काढलं न्हाई. मीबी काढलं न्हाई. मला कळलं, हा आता सगळं डोळ्यानं उचलून नेतोय. ह्या गल्लीत तो परत बसणार न्हाई. मी पुढं बघत राहिले. मागं वळायचं न्हाई अशी ताकीदच व्हती.

खालनं हे म्हणले, "दत्त्या, शेवटचा आवळतोय. पाठ टेकवून नीट बस. जसा जाणार तसा."

दत्तोबा नीट बसला. म्हणला, "आवळ."

नंतर चाकं सरळ आहेत का ते दुकानात मशिनीवर बघून आणलं. करकर गेली. गाडी मागनं खाली बसली, शहाण्या म्हशीगत.

निघालो तवा उजाडलं नव्हतं पुरतं. नगरपातुर रस्ता बरा, फुडं काही ठिकाणी नुसती चाळण. हे एवढं हळू चालवत व्हते की गणपतीचीच आठवण झाली मला. प्रत्येक खड्ड्याच्या आधी आरशात बघायचे. मी म्हणले, अहो, पुढं बघा. पण ह्यांनी इचारलं मातूर न्हाई, कसं काय म्हणून. एकदाबी न्हाई. झकास ऐकायचं न्हवतं त्यांना.

जामखेड मागं पडलं आन् दत्तोबाचं डोकं उशीवर कलंडलं, डोळे मिटले. अंबूबाईनं मला खुणेनं दाखवलं, झोपले. मी ह्यांना दाखवलं. ह्यांनी आरशात बघितलं, किती येळ बघितलं, आन् मग मान सरळ करून चालवायला लागले. पार गाव येईपातुर दत्तोबानं डोळे उघडले न्हाईत.

गावात शिरलो. सुजित पुढं धावत आला, हात द्यायला. दत्तोबानं हात बाजूला केला. दार धरून उभा राहिला, दम घेतला, आन् आपल्या पायानं चालत जाऊन ओट्याच्या दोन पायऱ्या चढला. शेजारची म्हातारी म्हणली, "आलास का रे दत्त्या, किती वाळलास." कोण रडलं न्हाई. पिठलं-भाकरी झाली. निघताना दोघं गाडीपाशी उभे. दत्तोबानं मागच्या चाकाला पाय लावला, म्हणला, "पाच हजार किलोमीटरनं परत एकदा आवळ बघून घे." हे म्हणले बघतो. एवढंच. बस सुटताना बोलायचे त्यापरीसबी कमी.

येताना मागची सीट रिकामी. मला वाटलं, आता हे खुशीत असतील. तर नगरजवळ मला म्हणले, "प्रभा, दत्त्या झोपला की घोरतो. बसमधी ड्रायव्हरपातुर ऐकू जायचं. आज घोरला का गं?"

मी आठवून बघितलं. न्हाई घोरला. मी म्हणले, अंबूबाई सांगत व्हती, आपरेशन झाल्यापासनं घोरणं कमी झालंय. तसं ती बोलली व्हती, मी काय मनचं न्हाई सांगितलं. हे हूं म्हणले. पण परत कंदी त्यावर बोलले न्हाईत. एक वर्स व्हत आलं. फोनवर दोघं बोलतात, पाऊस झाला का, सोयाबीन कसं, शुगर किती. त्या दिवशी खरंच झोपला व्हतास का, एवढं न्हाई इचारत. हे इचारणार पण न्हाईत, आन् इचारलं तरी त्यो झकास म्हणंल. आन् मग हे गाडी बाहेर काढतात, गल्लीच्या टोकापातुर नेतात, मागची सीट हातानं दाबून बघतात, आन् आणून लावतात.

म्हणून म्हणते, हे सगळं जसंच्या तसं ठेव, सुधारू नको. सुजितचा नंबर तुझ्या बापाच्या फोनमधी हाय. त्याला धाड हे. त्याला म्हण, दत्तोबाला दुपारी जेवण झाल्यावर वाचून दाखव, अंबूबाई शेजारी असताना, म्हंजे खोटं बोलायला सापडणार न्हाई. आन् वाचून झालं की इचार म्हणावं, जामखेडच्या पुढं झोपला व्हतात का नुसते डोळे मिटून बसला व्हतात. जे काय सांगतील ते सुजितनं आधी मला कळवायचं, तुझ्या आजोबाला न्हाई, एवढं त्याला नीट समजावून सांग.